शेवटी बरं होते ना यात?

डिसेंबर संपत आला होता. तिन्हीसांजेला चुलीवर तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडायला ठेवल्या होत्या, पऱ्हाटी ओलसर निघाल्यामुळे धूर सगळा डोळ्यांत येत होता, आणि तेवढ्यात शेजारची सून मागच्या दाराने आत आली. विरजण मागायला नाहीतर विळा न्यायला ती येतच असते, म्हणून मी मान वर न करताच विचारलं, काय हवं? ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "काकू, एखादं पुस्तक द्या न जी वाचाले. रात्री झोपच नाई लागत." आमच्या गावात कुणी घरी येऊन पुस्तक मागणं म्हणजे सणच. मी पदराला हात पुसले, कपाट उघडलं आणि उत्साहाच्या भरात हाताला येतील तेवढी पुस्तकं काढून बंगईवर मांडली. तिने एकेक उचललं, आधी चित्र पाहिलं, मग मागचा मजकूर ओठ हलवत वाचला, वजनही केलं बहुतेक. आणि शेवटी मान वर करून विचारलं, "शेवटी बरं होते ना यात?"

एकाही पुस्तकाबद्दल मला छातीठोक हो म्हणता येईना.

सगळ्यात वर ‘धग’ होती. उद्धव शेळक्यांची, १९६० सालची, आमच्याच वऱ्हाडातली आणि आमच्याच बोलीत बोलणारी. पण त्यातली कौतिक संसार ओढून ओढून थकते, नवरा महादेव काही धड कामाला लागत नाही, आणि इतक्या कष्टांना शेवटी यश येतं असं मी कोणत्या तोंडाने सांगू? तिच्याखाली ‘बारोमास’. सदानंद देशमुखांच्या या कादंबरीला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकून घरी बसलेला एकनाथ आणि कोरडवाहू शेती हे ज्याच्या पदरी आहे त्याचं बरं होईल कुठून? ‘स्वामी’त माधवराव थेऊरला जाणार आणि रमाबाई सती जाणार, हे पुस्तक उघडायच्या आधीच ठाऊक. ‘मृत्युंजय’मध्ये कर्णाचं चाक रुतायचं ते रुततंच. ‘बनगरवाडी’त दुष्काळाने अख्खी वाडी उठून जाते. ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि हाती काही न लागता गावी परत येतो, हे बरं झालं की वाईट, यावर १९६३ पासून जाणते लोक भांडताहेत, त्यात मी या पोरीला कुठे ओढू? चांगल्या मराठी पुस्तकाचा शेवट बरा होऊ द्यायचा नाही, असा एखाद्या संमेलनात ठराव झाला होता की काय, कोण जाणे.

तिला झोप का लागत नाही हे मी विचारलं नाही. हरभऱ्याच्या ओलिताचे दिवस होते. थ्री फेजची लाईन आळीपाळीने येते, काही दिवस उन्हाची, काही दिवस रात्रीची; आणि रात्रीची पाळी आली की तिचा नवरा जेवण करून, स्वेटरवर जुना शर्ट चढवून, कानाला दुपट्टा गुंडाळून वावरात जातो. स्प्रिंकलरचे पाईप एका जागी काही तास चालू द्यायचे, मग मोटार बंद करून ते ओले पाईप खांद्यावर घेऊन पुढच्या पट्ट्यात जोडायचे, पुन्हा स्टार्टर दाबायचा. मधेच लाईन गेली तर शेकोटी करून बसायचं आणि ती येण्याची वाट पाहायची. पाणी नसलं तर जागल असते, कारण रानडुकरं एका रात्रीत वावराची वाट लावतात. बोरच्या जंगलाकडून अधूनमधून वाघाची बातमी येते, खरी-खोटी देव जाणे, पण ती आली की गावातल्या बाया त्या रात्री काही बोलत नाहीत. काही गावांना आता सौर फिडरमुळे दिवसा लाईन मिळू लागली आहे, आमची पाळी यायची आहे. या पोरीच्या घरात धड चालणारा मोबाईल एकच. तो नवऱ्यासोबत जातो, कारण बॅटरीही तोच आणि ‘पोचलो’ म्हणून सांगायचं साधनही तोच. टीव्ही लावला की सासूची झोपमोड होते. म्हणजे ती रात्रभर टिनाखाली गोधडीत पडून लांबवर मोटारीचा आवाज चालू आहे का एवढंच ऐकत असते. आवाज थांबला की उठून बसते.

अशा बाईला पुस्तक हवं होतं, आणि त्यात शेवटी बरं व्हायला हवं होतं.

पुण्याची माझी मावसबहीण दर हिवाळ्यात एक यादी पाठवते. पांघरुणात शिरून वाचायची पुस्तकं, पाहायचे सिनेमे. सोबत फोटो असतो, लोकरीचे मोजे, कॉफीचा मग, कोपऱ्यात पिवळा दिवा. मला ती यादी आवडते, खोटं कशाला बोलू? त्यातलं बरंचसं मी मागवून वाचलं आहे. पण त्या यादीतली रात्र काम संपल्यावर सुरू होते, आणि आमच्या इथे थंडीत अर्ध्या गावाचं काम रात्रीच सुरू होतं. माझं वावर मक्त्याने दिलेलं आहे. म्हणजे मी गोधडी घेऊन वाचत पडते तेव्हा माझ्याच वावरातल्या हरभऱ्याला कुणीतरी गारठलेल्या हातांनी पाणी देत असतं. हे दर रात्री आठवत नाही. आठवलं की पान पुढे सरकत नाही. मग मी उठते, दोन शेंगा सोलते, दाण्यांचा तो खारट-गोडसर वास बोटांना लागतो, आणि पुन्हा वाचायला लागते. यापलीकडे मी काही केलेलं नाही.

माझे वडील रात्री मोठ्याने वाचायचे. आजीला अक्षरओळख नव्हती, तिच्यासाठी. कंदिलाची काच राखेने पुसून ते भिंतीला टेकून बसायचे, आजी कापसाच्या ढिगाला पाठ लावून, आम्ही पोरं त्याच ढिगात अर्धी बुडालेली. कापूस घरात भरलेला असे, भावाची वाट पाहत. त्याच्यासारखी ऊब मला नंतर कोणत्या गादीत मिळाली नाही, आणि सरकीचा तो तेलकट वास अजून नाकात आहे. एका हिवाळ्यात ‘स्वामी’ चाललं होतं. माधवराव खोकायला लागले तशी आजी अस्वस्थ होऊ लागली. वडील वाचत राहिले, आणि पेशव्यांचा मुक्काम थेऊरला हलला त्या रात्री ती म्हणाली, "राहू दे आता. मले मालूम हाय पुढं काय होते." वडिलांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात केली आणि तिने विरोध केला नाही. तिला माधवराव हवे होते, त्यांचा शेवट नको होता. पुढची पानं मी कितीतरी वर्षांनी एकटीने वाचली आणि दार लावून रडले.

गावाच्या वाचनालयातल्या पुस्तकांनी तर हा प्रश्न आपल्या परीने सोडवलाच होता. ‘ड’ वर्गाचं वाचनालय, एक खोली, दोन लोखंडी कपाटं, किल्ली कुणाकडे आहे ते शोधण्यात निम्मी संध्याकाळ जायची. तिथली सगळ्यात जास्त वाचली गेलेली पुस्तकं म्हणजे ज्यांची शेवटची पानं गळालेली. भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची ‘समर्थ’कथा ऐन मांत्रिकाशी गाठ पडते तिथे संपायची. मग ज्याने आधी, पानं शाबूत असताना वाचलं असेल त्याला गाठायचं, आणि तो सांगेल तो शेवट. एकाच कादंबरीचे आमच्या गल्लीत तीन शेवट फिरत होते. माझ्या मैत्रिणीने सांगितलेले शेवट नेहमी लग्नाचे असायचे, आणि पुढे मूळ पुस्तक मिळालं तेव्हा लेखकापेक्षा तीच बरी, असं मला एकदोनदा वाटलं. आजही मला ते पूर्णपणे चुकीचं वाटत नाही.

सिनेमाचं मात्र निराळं होतं. गणपतीत वर्गणी काढून रात्रभरासाठी व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही यायचा, शाळेच्या ओट्यावर ठेवायचा, आणि एकामागून एक तीन पिक्चर. पहिला देवाचा किंवा घरगुती, म्हाताऱ्यांसाठी. शेवटचा मारामारीचा, जागे राहतील त्यांच्यासाठी. ‘माहेरची साडी’ आली त्या वर्षी ओट्यावर बायांची एवढी गर्दी झाली की पुरुष मागे उभे राहिले. रडून रडून पदर ओले झाले आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच आणा म्हणून बायांनीच मंडळाच्या पोरांना सांगितलं. शेवटी बरं व्हायला हवं, हा आग्रह तेव्हा कुणीच धरला नव्हता. सगळ्यांनी मिळून रडायला मिळणार असेल तर शेवट कसाही चालतो. एकटीने रात्र काढायची असेल तर चालत नाही. त्या पोरीच्या प्रश्नाचा अर्थ मी लावला तो असा, आणि मग मला पूर्वेकडच्या नाटकांची आठवण झाली.

माझी नणंद पूर्व विदर्भात देसाईगंजकडे, म्हणजे वडशाकडे, दिली आहे. तिकडे धान निघालं, भाऊबीजेची मंडई झाली, की झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात आणि वडशाच्या कंपन्यांना उसंत नसते. एका हिवाळ्यात मी तिच्याकडे होते. रात्री जेवणं उरकून लोक ब्लँकेटं, शाली, लेकरं, थर्मास घेऊन मंडपात आले. नाटक सुरू झालं तेव्हा दहा कधीच वाजून गेले होते. लावणी, विनोद, मग एकदम आईचा टाहो, पुन्हा विनोद, असं करत पहाट झाली. दव पडून शालीची कड ओली झालेली, पाय बधिर, आणि खलनायक अजून मोकळाच. मी नणंदेला म्हटलं, जाऊ घरी? ती चिडलीच. "त्याले धरल्याशिवाय कशी जाऊ?" उजाडायच्या सुमाराला तो धरला गेला. शिट्ट्या झाल्या, माणसं उठली आणि तिथूनच काहीजण थेट कामाला गेली. तिथे चांगला शेवट रात्रभर थंडीत बसून मिळवावा लागतो. गोधडीतल्या वाचकाला तो फुकट हवा असतो, अशी एक कुरकुर माझ्या मनात तेव्हापासून आहे. अर्थात ती कुरकुर करणारी मी स्वतः पहाटे चारला घरी जायला निघाले होते.

त्या संध्याकाळी मी तिला ‘बनगरवाडी’ दिली. शेवटाबद्दल विचारलं तेव्हा म्हटलं, तूच वाच आणि सांग. एक तर पुस्तक छोटं. दुसरं म्हणजे इथल्या रात्रीसाठी पुस्तक निवडताना मी एक पाहते, मधेच उठावं लागलं तर ते तुटतं का. लाईन जाते, लेकरू उठतं, मोटार बंद पडते, कुणीतरी दार वाजवतं. गुंतागुंतीची रहस्यकथा अशा रात्री निरुपयोगी, दुसऱ्यांदा उघडेपर्यंत खून कुणाचा झाला तेच विसरायला होतं. माडगूळकर तसे नाहीत. तरणा मास्तर धनगरांच्या वाडीवर येतो, मग एकेक माणूस भेटत जातं, आणि कुठूनही सोडून कुठूनही धरलं तरी वाडी जागेवर असते. पुस्तक परत आलं तेव्हा त्यावर हळदीचा ठसा होता. ती बोलली ते शेकूच्या बायकोबद्दल, बैल नाही म्हणून जी स्वतः जुवाला खांदा लावते. "आमच्या आजेसासूनं केलं हाय असं," ती म्हणाली. "पण तिचं कोणी लिहून नाई ठेवलं." मग जरा थांबून, "गाव उठून जाते शेवटी. बरं नाई झालं. पण मास्तर खोटा नाई वाटत." पुढचं पुस्तक तिने शेवट न विचारता उचललं. ती ‘धग’ होती, आणि ती अजून तिच्याकडेच आहे. परवा नळावर भेटली तेव्हा महादेवला शिव्या देत होती, शेजारचाच असल्यासारख्या.

मावसबहिणीला मी यंदा उलट यादी पाठवली. तिने मोठ्या मनाने अंगठा दाखवला. त्यात सगळ्यात आधी मारुती चितमपल्ली टाकले. २०२५ मध्ये ते गेले. माणूस सोलापूरचा, पण नवेगावबांध आणि नागझिरा आम्हा विदर्भातल्यांना त्यांनी दाखवलं. ‘नवेगावबांधचे दिवस’ किंवा ‘रानवाटा’ कादंबऱ्या नाहीत, म्हणून त्यांना शेवटही नाही, रोज दोन पानं वाचून दिवा घालवावा. त्यानंतर गोनीदांचं ‘पूर्णामायची लेकरं’. दांडेकर कोकणचे आणि गडकिल्ल्यांचे म्हणून लोक ओळखतात, पण त्यांचा जन्म परतवाड्याचा, १९१६ चा, आणि या कादंबरीत वऱ्हाडी अशी काही मोकळी सुटली आहे की मोठ्याने वाचल्याशिवाय तिची चव लागत नाही. पुण्यात मोठ्याने कुणाला वाचून दाखवणार, हा तिचा प्रश्न. धारप द्यावेत ते ज्याचं माणूस घरात आहे त्याला. ज्याचं वावरात आहे त्याला देऊ नयेत, हे मी अगदी गंभीरपणे सांगते. ‘कोसला’ पंचविशीच्या आतल्यांसाठी, आणि शक्यतो उन्हाळ्यात.

सिनेमांत ‘गाभ्रीचा पाऊस’ टाकावा की नाही यावर मी बराच वेळ अडून बसले. सतीश मन्वरांचा, २००९ चा. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला म्हणून घाबरलेली अलका आपल्या किसनावर पाळत ठेवते, त्याला आवडीचं करून घालते, पोराला त्याच्या मागे मागे पाठवते, आणि त्या बिचाऱ्याला आपले असे लाड का चाललेत तेच कळत नाही. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी दोघंही इतकं हसवतात की हसताना आपलीच लाज वाटते. उबदार रात्रीचा सिनेमा तो नाही. तरी टाकला, कारण घरात बसून बाहेरच्या माणसाची काळजी करणाऱ्या बाईवर याहून खरा सिनेमा मी पाहिलेला नाही. शेवट तिला सांगितला नाही, इथेही सांगत नाही.

आणि ‘तिसरी कसम’. १९६६ चा, फणीश्वरनाथ रेणूंच्या कथेवरचा. बैलगाडी हाकणारा हिरामन, गाडीत मेळ्याला निघालेली नौटंकीवाली हिराबाई, आणि अर्धा सिनेमा नुसता रस्ता. ज्याने बैलगाडीत बसून रात्रीचा प्रवास केला आहे त्याला त्या चाकांचा आवाजच पुरे. या सिनेमाची एक गोष्ट सांगतात, की दोघांची शेवटी भेट घडवून आणा, पिक्चर चालेल, असा आग्रह झाला होता, आणि शैलेंद्र आणि रेणू बधले नाहीत. शैलेंद्र त्याचे निर्माते; पिक्चर तेव्हा आपटला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते गेले. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो नंतर. मी ही गोष्ट शेजारच्या सुनेला सांगितली तेव्हा ती पटकन म्हणाली, "मंग द्याची होती न भेट करून. काय जात होतं?" मला त्याचं उत्तर माहीत आहे, कलेचं वगैरे. ते तिच्यासमोर उच्चारायला मात्र जीभ रेटली नाही.

भाच्याने दिलेल्या पेनड्राइव्हमुळे यंदा शनिवारी रात्री आमच्या ओसरीत टीव्ही लागतो आणि गल्लीतली पोट्टी चादरी घेऊन येतात. एकदा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ लावला, माजिद माजिदींचा, १९९७ चा इराणी. भाषा फारसी, पण पोरांना कुठे अडलं नाही. अली आपल्या बहिणीचे, झाहराचे, जोडे हरवतो, आणि गरीब बापाला कळू नये म्हणून दोघं एकच जोडी वापरतात, सकाळी ती, दुपारी तो. मधल्या वेळेत गल्लीबोळांतून पळापळ. शर्यतीत तिसऱ्या नंबराला जोडे मिळणार म्हणून तो धावतो, आणि नेमका पहिला येतो. "पह्यला नंबर आला आन् रडते!" एक पोट्टा ओरडला. शेजारची सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, हातात झाकलेला डबा, नवरा निघण्याआधी द्यायचा. पडद्यावर बापाच्या सायकलवर नवे जोडे दिसले, आणि तिकडे अली घरी येऊन, फोड आलेले पाय हौदात सोडून खिन्न बसलेला. मासे त्याच्या पायाशी गोळा होतात आणि सिनेमा संपतो. ओसरीत एकच गलका झाला. बरं झालं की नाही झालं? जोडे तर आले. "पण त्याले तं मालूमच नाई न!" असं एक पोरगी कळवळून म्हणाली. त्यावर दारातून उत्तर आलं, "होईल न मालूम. बाप घरी पोचला की." आणि ती डबा घेऊन घाईने निघून गेली.

पोरं बराच वेळ भांडत होती. अलीने जोडे पाहिल्यावर काय केलं असेल, बापाकडे पैसे कुठून आले, पहिल्या नंबराचं बक्षीस काय होतं. मी म्हटलं, पुढच्या शनिवारी ‘तिसरी कसम’ लावू, बैलगाडीचा आहे. कुणालाच पटलं नाही. हात वर करून मतदान झालं आणि ‘झपाटलेला’ प्रचंड बहुमताने पास झाला. दुसऱ्या दिवशी तिला निकाल सांगितला, तर म्हणाली, तिचंही मत तात्या विंचूलाच धरा.